सिद्धांत, धार्मिक व लष्करी

एखाद्या धर्मसंघाने, संप्रदायाने किंवा सेनेने अधिकृत म्हणून स्वीकारलेल्या, आपल्या घटकांना पद्धतशीरपणे शिकविल्या जाणाऱ्या व त्यांच्या आचरणास दिशा देणाऱ्या मूलभूत मतांची सुसंगत मांडणी म्हणजे सिद्धांत होय. विज्ञानातही हीच संज्ञा वापरली जाते. परंतु तेथे तिचा अर्थ निरीक्षण व प्रयोग यांच्या कसोटीवर उतरलेली उपपत्ती असा असतो. प्रस्तुत अर्थाने सिद्धांताला तीन घटक आवश्यक असतात : एक, मत मांडणारा व त्याला प्रामाण्य देणारा अधिकार, दोन, ते मत ज्यांनी शिकावयाचे व पाळावयाचे असा समुदाय, आणि तीन, त्या मतातून निघणारे आचरण. यांपैकी पहिल्याच्या अभावी ते केवळ व्यक्तिगत मत ठरते, दुसऱ्याच्या अभावी तत्त्वचिंतन ठरते आणि तिसऱ्याच्या अभावी त्याचे केवळ घोषवाक्य होते. धर्म आणि सैन्य ही दोन क्षेत्रे एकमेकांपासून दूरची वाटत असली, तरी मोठ्या समुदायाने एका विचाराने वागावे, वरिष्ठ समोर नसतानाही योग्य ते करावे, ही गरज दोहोंत सारखीच आहे. म्हणूनच ही संज्ञा दोन्ही क्षेत्रांत रूढ झाली.

शब्दार्थ : संस्कृत ‘सिद्धांत’ या शब्दाचा अर्थ ‘सिद्ध झालेला अंत’ म्हणजे वादविवादाच्या शेवटी निश्चित झालेला निष्कर्ष असा आहे. यूरोपीय भाषांत यासाठी वापरला जाणारा ‘डॉक्ट्रिन’ हा शब्द लॅटिन ‘डॉक्ट्रिना’ (शिकवण) यावरून आला असून त्याचा मूळ धातू ‘शिकविणे’ या अर्थाचा आहे. ‘डॉक्टर’ हा शब्दही त्याच धातूपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ शिक्षक असा होता. या दोन व्युत्पत्तींतील फरक लक्षणीय आहे. भारतीय शब्दाचा भर मत कसे सिद्ध झाले यावर आहे, तर लॅटिन शब्दाचा भर ते शिकविले जाते यावर आहे. ‘डॉग्मा’ हा तिसरा शब्द ग्रीक असून ‘वाटणे, योग्य दिसणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला. पुढे त्याला ‘निर्णय’, ‘राजाज्ञा’ आणि अखेर ‘ज्याविषयी शंका घेता येत नाही असे धर्ममत’ असे अर्थ प्राप्त झाले. प्रत्येक डॉग्मा हा सिद्धांत असतो. परंतु प्रत्येक सिद्धांत हा डॉग्मा नसतो. श्रद्धासूत्र (क्रीड) म्हणजे सिद्धांताचे संक्षिप्त व पठणयोग्य रूप आणि प्रश्नोत्तरी (कॅटेकिझम) म्हणजे त्याचे अध्यापनासाठी केलेले रूप होय.

भारतीय परंपरा : गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांची गणना केली आहे, त्यांत सिद्धांत हा एक आहे. त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. सर्व शास्त्रांना मान्य असलेला तो ‘सर्वतंत्र सिद्धांत’. स्वतःच्या व समान शास्त्राला मान्य, परंतु इतरांना अमान्य असलेला तो ‘प्रतितंत्र सिद्धांत’. जो सिद्ध झाला असता इतर गोष्टी आपोआप सिद्ध होतात, तो ‘अधिकरण सिद्धांत’. आणि पुढील परीक्षेसाठी तात्पुरता गृहीत धरलेला तो ‘अभ्युपगम सिद्धांत’. चरकसंहितेच्या विमानस्थानातही हेच चार प्रकार वादविद्येच्या संदर्भात आले आहेत. धर्मपंथांची विशिष्ट मते या वर्गीकरणात मुख्यतः प्रतितंत्र सिद्धांतात मोडतात. ती स्वपक्षीयांना प्रमाण असतात, परंतु परपक्षीयांनी ती मानलीच पाहिजेत असे नसते, ही जाणीव या वर्गीकरणातच अंतर्भूत आहे.

मीमांसकांनी अधिकरणाची विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय अशी पाच अंगे मानली. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्या पूर्ण सामर्थ्यानिशी मांडावयाचे आणि मगच त्याचे खंडन करावयाचे, ही शिस्त त्यातून निर्माण झाली. ब्रह्मसूत्रांवरील शंकराचार्य, रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य यांची भाष्ये याच पद्धतीची आहेत. एकाच सूत्रग्रंथातून अद्वैत, विशिष्टाद्वैत आणि द्वैत असे भिन्न सिद्धांत निघाले. तथापि त्यांतील एकच सर्वांवर बंधनकारक करील अशी मध्यवर्ती धर्मसंस्था भारतात नव्हती. सिद्धांताचे प्रामाण्य आचार्य, मठ व शिष्यपरंपरा यांपुरते मर्यादित राहिले. आचाराच्या, विशेषतः जातिनियमांच्या बाबतीत मात्र समाज कठोर राहिला; बहिष्कार पडे तो बहुधा मतासाठी नव्हे, तर आचारभंगासाठी.

मराठीत सिद्धांताची काटेकोर मांडणी करणारा आरंभीचा संप्रदाय म्हणजे महानुभाव पंथ होय. चक्रधरांची वचने त्यांच्या शिष्यवर्गात केसोबासांनी सूत्ररूपाने संकलित केली. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, हा या पंथाचा मुख्य सिद्धांत. तो लोकभाषेत सांगितला गेल्यामुळे पांडित्य नसलेल्या स्त्री-पुरुषांनाही शिकता आला.

‘सिद्धांत’ हे नाव ज्योतिषग्रंथांनाही दिले जाते, उदा., सूर्यसिद्धांत किंवा भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी (११५०). या ग्रंथांचे प्रामाण्य मोठे असले, तरी ग्रहांची गणिताने येणारी स्थाने वेधाशी जुळेनाशी झाली म्हणजे ‘बीजसंस्कार’ देऊन ती दुरुस्त करण्याची परंपरा होती. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी ग्रहलाघव (१५२०) या ग्रंथात वेगवेगळ्या पक्षांतील जी माने प्रत्यक्षाशी जुळतात, ती स्वीकारली. मान्य सिद्धांत आणि डोळ्यांना दिसणारे वास्तव यांत अंतर पडले असता काय करावे, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे आणि त्याला दिलेले हे एक उत्तर होय.

बौद्ध धर्म : बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर राजगृह, वैशाली व पाटलिपुत्र येथे संगीती भरल्याचे परंपरा सांगते. धर्म व विनय यांचे शुद्ध रूप ठरविणे हा त्यांचा हेतू होता. अशोकाच्या काळातील तिसऱ्या संगीतीशी मोग्गलिपुत्त तिस्साचा कथावत्थु हा ग्रंथ निगडित आहे. त्यात दोनशेहून अधिक वादग्रस्त मते घेऊन थेरवादी भूमिकेतून त्यांचे खंडन केले आहे. असे असले, तरी शिकवण ही नदी ओलांडण्याच्या तराफ्यासारखी आहे, पैलतीरी गेल्यावर ती डोक्यावर वाहून न्यावयाची नसते, हा दृष्टांतही पाली ग्रंथांत आढळतो. सिद्धांताचे मूल्य त्याच्या उपयोगात आहे, ही दृष्टी त्यातून व्यक्त होते.

ख्रिस्ती धर्म : सिद्धांताला संस्थात्मक व कायदेशीर रूप सर्वांत स्पष्टपणे ख्रिस्ती धर्मात मिळाले. चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रिया येथील एरिअस या धर्मगुरूने पुत्र (ख्रिस्त) हा पित्याने निर्माण केलेला असून त्याच्या बरोबरीचा नाही, असे प्रतिपादन केले. त्यामुळे उठलेला वाद मिटविण्यासाठी सम्राट कॉन्स्टंटीनने ३२५ मध्ये नायसीआ येथे धर्मपरिषद बोलाविली. पुत्र हा पित्याशी ‘होमोऊसिओस’ म्हणजे एकतत्त्व आहे, असा निर्णय परिषदेने दिला आणि तो नाकारणाऱ्या एरिअसला हद्दपार करण्यात आले. तथापि वाद मिटला नाही. पुढील सम्राटांचा कल पालटला आणि नायसीआच्या निर्णयाचा खंदा पुरस्कर्ता अथेनेशिअस यालाच पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. ‘एकतत्त्व’ आणि ‘सदृशतत्त्व’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांत एका अक्षराचेच अंतर होते. परंतु ख्रिस्त तारक आहे की केवळ श्रेष्ठ जीव आहे, हा भक्ताच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न त्या अक्षरात सामावलेला होता. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने नायसीआची भूमिका कायम केली. ४५१ मध्ये कॅल्सिडन परिषदेने ख्रिस्ताच्या ठिकाणी मानवी व दैवी अशा दोन प्रकृती आहेत, असे जाहीर केले. ईजिप्तमधील कॉप्टिक आणि आर्मेनियन व सिरियन चर्चनी तो निर्णय अमान्य केला. ही फूट पंधरा शतके टिकली. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक चर्चचे प्रमुख तिसरे शनूदा यांनी ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी संयुक्त निवेदन केले, तेव्हा वादाचा बराच भाग भिन्न शब्दयोजनेचा होता, हे दोन्ही पक्षांनी व्यवहारतः मान्य केल्यासारखे झाले.

धर्मसुधारणेच्या काळात प्रत्येक पंथाने आपला सिद्धांत लेखी स्वरूपात मांडला. ल्यूथरपंथीयांचे ऑग्झबर्ग निवेदन (१५३०), रोमन कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेचे निर्णय (१५४५–६३), अँग्लिकन चर्चची एकोणचाळीस कलमे (१५७१) ही त्याची ठळक उदाहरणे होत. ‘माणसाचा उद्धार केवळ श्रद्धेने की श्रद्धा व सत्कर्म यांनी’ या ज्या प्रश्नावर पश्चिम यूरोप दुभंगला, त्याविषयी ल्यूथरपंथीय व कॅथलिक यांच्यात ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्झबर्ग येथेच संयुक्त निवेदनावर स्वाक्षऱ्या झाल्या.

कॅथलिक पंथात सिद्धांताच्या रक्षणासाठी १५४२ मध्ये रोम येथे स्वतंत्र न्यायपीठ स्थापन झाले. १९०८ आणि १९६५ मध्ये त्याचे नाव बदलले आणि २०२२ पासून ते ‘डिकॅस्टरी’ या वर्गाच्या कार्यालयात मोडते. नामांतराबरोबर त्याचे शिक्षेचे स्वरूपही पालटले. अग्निदंडाची जागा ग्रंथपरीक्षण व अध्यापनाची मान्यता काढून घेणे यांनी घेतली. पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायालय सुरू झाले आणि मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. नवख्रिस्ती कुटुंबांनी घरातील जुने संस्कार, आहार आणि सण पाळणे हा तेथे सिद्धांतविरोधाचा पुरावा मानला जाई. याच भूमीत सिद्धांत शिकविण्याचे सौम्य मार्गही अवलंबिले गेले. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले आणि त्यांचा दौत्रीना ख्रिस्तां हा प्रश्नोत्तररूप ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाला. कोकणी भाषेतील हा पहिला मुद्रित ग्रंथ मानला जातो. अशा रीतीने ‘डॉक्ट्रिन’ हा शब्द त्याच्या पोर्तुगीज रूपात कोकणी वाचकाला एका पुस्तकाचे नाव म्हणून परिचित झाला.

सिद्धांत बदलतो काय, हा ख्रिस्ती विचारवंतांपुढील अवघड प्रश्न आहे. कारण जे ईश्वराने प्रकट केले, ते बदलणे शक्य नाही. जॉन हेन्री न्यूमन (१८०१–९०) यांनी १८४५ मध्ये ‘सिद्धांताचा विकास’ ही कल्पना मांडली. बीजापासून वृक्ष व्हावा, तशी मूळ शिकवण काळाच्या ओघात स्पष्ट होत जाते; ती बदलत नाही, उलगडते, असे तिचे तात्पर्य आहे. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या विशिष्ट अधिकृत घोषणा निर्दोष असतात, असे जाहीर केले आणि तेवढ्यावरून काही कॅथलिक वेगळे झाले. १८६४ मध्ये पोपने निषिद्ध ठरविलेल्या मतांच्या यादीत धर्मस्वातंत्र्याशी निगडित मतांचा समावेश होता. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेतून निघणारा अधिकार म्हणून मान्य केला. २०१८ मध्ये प्रश्नोत्तरीतील देहदंडाविषयीचे कलम बदलून तो अस्वीकार्य ठरविण्यात आला. हा विकास की बदल, याविषयी त्या पंथातच मतभेद आहेत.

ज्यू व इस्लाम धर्म : ज्यू धर्मात श्रद्धेपेक्षा विधिनियमांच्या पालनाला अधिक महत्त्व आहे. मायमॉनिडीझ (११३८–१२०४) याने श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली. ती प्रार्थनाग्रंथांत समाविष्ट झाली, तरी त्यांच्या बंधनकारकतेविषयी वाद होत राहिले. इस्लाममध्ये श्रद्धासिद्धांताला ‘अकीदा’ आणि त्याच्या तार्किक विवेचनाला ‘कलाम’ म्हणतात. ८३३ मध्ये अब्बासी खलीफा अल्-मामूनने कुराण हे निर्मित आहे, अनादी नाही, हे मत न्यायाधीश व विद्वान यांनी मान्य करावे, अशी सक्ती केली. अहमद इब्न हनबल (७८०–८५५) याने नकार दिल्यामुळे त्याला कारावास व फटके सोसावे लागले. अल्-मुतवक्किलच्या कारकीर्दीत ही सक्ती संपली. राजसत्तेने सिद्धांत ठरविण्याचा हा प्रयत्न फसल्यानंतर सुन्नी पंथात ते काम प्रामुख्याने विद्वानांकडे राहिले.

लष्करी सिद्धांत : सेनेने युद्ध कसे करावे याविषयीची अधिकृत, लेखी आणि प्रशिक्षणाद्वारे रुजविलेली मूलतत्त्वे म्हणजे लष्करी सिद्धांत. तो रणनीतीहून भिन्न आहे. विशिष्ट शत्रूविरुद्ध, विशिष्ट उद्दिष्टासाठी साधनांची योजना करणे ही रणनीती. तर कोणत्याही मोहिमेपूर्वी सर्व अधिकाऱ्यांच्या मनात असावी लागणारी सामाईक विचारसरणी म्हणजे सिद्धांत होय. डावपेच व कार्यपद्धती या त्याच्या खालच्या पायऱ्या आहेत. सिद्धांत अधिकृत असतो, परंतु तो वापरताना तारतम्य आवश्यक आहे, ही पुस्ती बहुतेक आधुनिक सेनांच्या नियमपुस्तकांत आढळते.

प्राचीन काळी युद्धविषयक उपदेश राजनीतिग्रंथांतून येत असे, उदा., कौटिलीय अर्थशास्त्राचे सांग्रामिक हे दहावे अधिकरण. मराठेशाहीत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१६) दुर्ग व आरमार हे राज्याचे आधार कसे, याचे विवेचन असून ते शिवकालीन अनुभवाचे सूत्रबद्ध रूप आहे. वेगवान हालचाल व गनिमी कावा यांवर आधारलेली पद्धती मराठी सैन्यात मुरलेली होती; परंतु ती परंपरेने शिकली जाई. १७६१ च्या पानिपत मोहिमेत इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ व तोफखाना आणि मल्हारराव होळकरांसारख्या सरदारांचे परंपरागत घोडदळ अशा दोन युद्धपद्धती एकाच सैन्यात होत्या. त्यांचा मेळ घालणारी सर्वमान्य विचारसरणी नव्हती. पराभवाची कारणे अनेक असली, तरी हे त्यांपैकी एक महत्त्वाचे मानले जाते.

आधुनिक अर्थाने लष्करी सिद्धांताचा उदय एकोणिसाव्या शतकात झाला. सैन्ये लाखांच्या घरात गेली, लोहमार्ग व तारायंत्र यांमुळे ती दूरवर पसरली आणि सेनापतीला सर्व रणभूमी नजरेखाली ठेवणे अशक्य झाले. १८०६ मध्ये नेपोलियनकडून झालेल्या पराभवानंतर प्रशियाने सेनासुधारणा केली व त्यातून जनरल स्टाफची संस्था विकसित झाली. मोल्ट्के (१८००–९१) याच्या १८६९ च्या सूचनांतून उद्दिष्ट वरिष्ठाने सांगावे व ते साधण्याचा मार्ग कनिष्ठाने परिस्थिती पाहून निवडावा, ही पद्धती दृढ झाली. अशी मोकळीक देता येण्यासाठी सर्वांची विचारपद्धती आधी एक करणे आवश्यक होते. याउलट कार्ल फोन क्लाउझेविट्स (१७८०–१८३१) याने युद्धविषयक उपपत्तीने अधिकाऱ्याच्या बुद्धीला वळण लावावे, परंतु तिने रणांगणावरील आज्ञावली बनू नये, अशी भूमिका घेतली होती. शिस्त व बुद्धिस्वातंत्र्य यांतील हा ताण लष्करी सिद्धांताच्या इतिहासात सतत दिसतो.

सिद्धांताची किंमत : सिद्धांत अनुभवापासून तुटला म्हणजे काय होते, याचे उदाहरण फ्रान्सने दोनदा दिले. १८७०–७१ च्या पराभवाचे कारण निष्क्रिय बचाव हे आहे, असा निष्कर्ष काढून पहिल्या महायुद्धापूर्वीच्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी निःशेष आक्रमणाचा पुरस्कार केला. कर्नल ग्रांमेझाँ याची १९११ मधील व्याख्याने आणि १९१३ ची नियमावली यांत तो प्रकट झाला. मशीनगन व शीघ्रगती तोफा यांनी बचावाचे बळ वाढविले होते, हे रूसो-जपानी युद्धात (१९०४–०५) दिसले होते. परंतु त्या युद्धातूनही आक्रमक मनोबलाचाच धडा घेतला गेला. अग्निशक्तीचे महत्त्व सांगणारा फिलिप पेताँ १९१४ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. २२ ऑगस्ट १९१४ या एकाच दिवशी सु. २७,००० फ्रेंच सैनिक ठार झाले.

या संहाराचा परिणाम म्हणून युद्धोत्तर फ्रान्सने उलट टोक गाठले. १९२१ च्या सूचनांत अग्निशक्तीला सर्वोच्च स्थान मिळाले. वरून नियंत्रित केलेली, टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारी लढाई हा आदर्श ठरला आणि मॅजिनो तटबंदी हे त्याचे दृश्य रूप बनले. शार्ल द गोलने १९३४ मध्ये यांत्रिक व्यावसायिक सेनेची केलेली मागणी दुर्लक्षिली गेली. मे १९४० मध्ये जर्मन चिलखती दलांनी सदाँ येथे म्यूझ नदी ओलांडली, तेव्हा फ्रेंच सेनेजवळ रणगाड्यांची वाण नव्हती. वाण होती ती वेगाने निर्णय घेण्याच्या सवयीची. २२ जून रोजी फ्रान्सने शस्त्रसंधी स्वीकारला. पहिला सिद्धांत अनुभव न पाहिल्यामुळे चुकला, तर दुसरा एकाच अनुभवाला कायमचे सत्य मानल्यामुळे चुकला.

सोव्हिएट संघात १९२१ मध्ये मिखाइल फ्रून्झे याने कामगारवर्गाच्या सेनेसाठी ‘एकात्म लष्करी सिद्धांत’ असावा, अशी मागणी केली. ट्रॉट्स्कीने तिला विरोध केला. मार्क्सवादातून युद्धकलेचे नियम निघत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्रिआन्दाफिलोव्ह, तुखाचेव्हस्की इत्यादींनी शत्रूच्या आघाडीबरोबरच तिच्या पिछाडीवरही एकाच वेळी आघात करणाऱ्या ‘सखोल कारवाई’चा सिद्धांत विकसित केला आणि १९३६ च्या नियमावलीत तो आला. जून १९३७ मध्ये तुखाचेव्हस्कीला राजद्रोहाच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या व त्याच्या विचारांचा उल्लेखही धोक्याचा ठरला. १९३९ मध्ये यांत्रिक कोअर मोडण्यात आले. १९४१ च्या जर्मन आक्रमणात झालेल्या प्रचंड हानीनंतर तोच सिद्धांत पुन्हा आचरणात आला व १९४४ च्या बेलोरशियातील मोहिमेत यशस्वी ठरला. येथे लष्करी मताला धर्ममताप्रमाणेच पाखंड ठरविले गेले होते, असे म्हणता येईल.

उघड टीकेतून सिद्धांत सुधारल्याचे उदाहरण अमेरिकेत आढळते. १९७३ च्या अरब-इझ्राएल युद्धाचा अभ्यास करून १९७६ मध्ये तेथील भूसेनेने ‘सक्रिय बचाव’ हा सिद्धांत नियमपुस्तकात आणला. सेनेच्याच नियतकालिकांतून अधिकाऱ्यांनी त्यावर कठोर टीका केली आणि १९८२ मध्ये त्याची जागा ‘भू-हवाई लढाई’ या सिद्धांताने घेतली. इराकमधील अनुभवानंतर २००६ मध्ये बंडविरोधी मोहिमांसाठी वेगळे नियमपुस्तक निघाले.

राजनैतिक व अण्वस्त्रविषयक सिद्धांत : राष्ट्रप्रमुखाने जाहीर केलेल्या परराष्ट्रधोरणविषयक भूमिकेसही हीच संज्ञा लावतात, उदा., मन्रो सिद्धांत (१८२३), ट्रूमन सिद्धांत (१९४७), गुजराल सिद्धांत (१९९६). अण्वस्त्रांच्या बाबतीत सिद्धांताचे कार्य वेगळे आहे. नेहमीचा लष्करी सिद्धांत स्वतःच्या सैन्यासाठी असतो. अण्वस्त्रविषयक सिद्धांत मुख्यतः शत्रूने वाचावा म्हणून असतो, कारण धाक जाहीर झाल्याखेरीज परिणामकारक होत नाही. १९९८ च्या चाचण्यांनंतर भारताचा सिद्धांताचा मसुदा १७ ऑगस्ट १९९९ रोजी प्रसिद्ध झाला व ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने त्याची मुख्य सूत्रे जाहीर केली. विश्वसनीय किमान प्रतिरोधक क्षमता, प्रथम वापर न करणे, प्रतिहल्ला मात्र शत्रूला असह्य हानी पोहोचविणारा असणे आणि वापराचा निर्णय केवळ नागरी राजकीय नेतृत्वाने घेणे, ही त्यांतील प्रमुख होत. मोठा जैविक वा रासायनिक हल्ला झाल्यास अण्वस्त्राने प्रत्युत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला आहे. भारतीय सेनादलांचा संयुक्त सिद्धांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

धर्म व युद्ध यांचा संगम : दोन्ही क्षेत्रे जेथे प्रत्यक्ष एकत्र येतात, असा विषय म्हणजे न्याय्य युद्धाचा सिद्धांत. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याचा पाया घातला. सेंट टॉमस अक्वायनस (१२२५–७४) याने युद्ध न्याय्य ठरण्यासाठी सार्वभौम अधिकाऱ्याची आज्ञा, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू अशा तीन अटी सांगितल्या. भारतीय परंपरेतील धर्मयुद्धाच्या कल्पनेत निःशस्त्र, शरणागत व रणातून पळणारा यांवर शस्त्र न उचलण्याचे नियम आढळतात. अशा सिद्धांतांनी युद्धे थांबली नाहीत आणि अनेकदा ती समर्थनीय ठरविण्यासच त्यांचा उपयोग झाला; तथापि आधुनिक आंतरराष्ट्रीय युद्धनियमांच्या वैचारिक पूर्वपीठिकेत त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

साम्य व भेद : धार्मिक व लष्करी सिद्धांतांत संक्षिप्त सूत्रे, पाठांतर, परीक्षा, अधिकाराची उतरंड आणि विरोधकांस दूर सारण्याची प्रवृत्ती ही साम्ये दिसतात. भेद मुख्यतः प्रामाण्यात आहे. धार्मिक सिद्धांताचे प्रामाण्य साक्षात्कार, धर्मग्रंथ वा आचार्यवचन यांत असून तो स्वतःला सत्य म्हणवितो. लष्करी सिद्धांताचे प्रामाण्य अनुभवात असून तो स्वतःला केवळ उपयुक्त म्हणवितो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत पहिला प्रतितंत्र सिद्धांताच्या, तर दुसरा अभ्युपगम सिद्धांताच्या जवळ जातो. परंतु लष्करी सिद्धांताची खरी कसोटी युद्धातच लागते आणि मोठी युद्धे विरळा होतात. दीर्घ शांततेच्या काळात त्याची परीक्षा होत नाही. बढत्या, अभ्यासक्रम व शस्त्रखरेदी त्याला बांधल्या जातात आणि उपयुक्त म्हणून स्वीकारलेले मत सत्य म्हणून पूजिले जाऊ लागते. ब्रिटिश लष्करी लेखक जे. एफ. सी. फुलर याने १९२६ मध्ये हाच धोका दाखवून दिला होता. याउलट दीर्घकाळ टिकलेल्या धर्मपरंपरांनी भाष्य, टीका व ‘विकास’ यांच्या मार्गाने बदल पचविण्याच्या रीती शोधल्या.

सिद्धांताविना मोठा समुदाय एकत्र चालू शकत नाही, तसेच तो तपासण्याची सोय नसेल तर त्याची चूक उशिरा कळते. धर्मात ती चूक बहिष्कृतांना आणि छळ सोसणाऱ्यांना भोगावी लागली, तर युद्धात ती आज्ञा पाळणाऱ्या सैनिकांनी भोगली. म्हणून सिद्धांताचे मूल्यमापन करताना त्यातील विधानांबरोबरच त्यात पूर्वपक्षाला किती स्थान आहे, हेही पाहिले पाहिजे.